साटीच्या फळ्या

परवा अकोल्याहून भाच्याचा फोन आला. त्याने मागच्या वर्षी एक जुनी शेव्हरोले पिकअप घेतली आहे, १९४८ च्या सुमाराची. इंजिन झालं, दारं झाली, रंगही ठरला. राहिला तो मागच्या हौद्याचा तळ.

"मामा, तळाच्या साऱ्या फळ्या सडल्या. एक मिस्त्री म्हणते प्लायवूड टाका, दुसरा म्हणते पत्रा ठोका. तुम्ही सांगा न काय करू ते."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मोटारीतलं मला काही कळत नाही. पण प्रश्न ऐकला आणि डोळ्यापुढे आमच्या गोठ्यातली बंडी उभी राहिली. मोटारीच्या हौद्याचा तळ आणि बंडीची साटी, दोघांचं काम एकच ना!

आधी मोटारीचं सांगतो. अमेरिकेत या पिकअपना लाकडाचाच तळ असायचा, बहुतेक पाइनच्या फळ्यांचा. दोन फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्टी आणि ती बोल्टने आवळलेली. पट्टी फळीपेक्षा थोडी वर असते, म्हणजे ओझं तिच्यावरून सरकतं आणि लाकूड झिजत नाही. पत्र्याला पोचा पडतो, ओल धरली की गंज चढतो. लाकूड दणका सोसतं, आणि एक फळी मोडली तर तेवढी एकच बदलता येते. आपल्याकडेही १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघू लागले, तेव्हा कारखान्यातून बहुधा नुसती चासी यायची आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. म्हणजे कालपर्यंत बंडी करणारा हात आज ट्रकचा हौदा करू लागला.

आता वऱ्हाडचं. इथे गाडीचा प्रश्न म्हणजे कापसाचा प्रश्न. रेल्वे येण्याआधी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठी मिर्झापूरला जायचा. वाटेत पाऊस लागला की माल भिजायचा, धूळ तर पाचवीला पुजलेली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. पण आगगाडी काही शेताच्या धुऱ्यावर येत नव्हती. शेतापासून जिनापर्यंत, जिनापासून स्टेशनापर्यंत माल नेला तो बंडीनेच. पुस्तकात रेल्वेचं नाव येतं, बंडीचं येत नाही. मीही वर्गात कधी सांगितलं नाही, हे कबूल करतो.

आणि बंडीला लाकूड कुठून आणायचं? आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातलं. काळी माती, खारं पाणी. उभं झाड म्हणजे बाभूळ. सागवान हवं तर उत्तरेला परतवाड्याला जायचं, मेळघाटातून उतरलेलं लाकूड तिथे मिळायचं. बाबा बहिरमच्या यात्रेला गेले की येता येता लाकडाचीही चौकशी करून यायचे.

एका बंडीत चार जातीचं लाकूड असायचं, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. चाकाला बाभूळ, कारण ती धक्का खाते पण फुटत नाही. मात्र ओली बाभूळ लगेच वापरायची नाही. आमचा वाढई तिचे ओंडके पाण्यात बुडवून कित्येक महिने ठेवायचा, म्हणजे कीड लागत नाही आणि नंतर चिरा पडत नाहीत. आसाला धावडा, कारण तो चिवट. जू आणि दांड्यांना तिवस, तो वाकतो पण मोडत नाही. आणि साटीच्या फळ्यांना सागवान. ते या सगळ्यांत काही सर्वात कणखर नाही. पण ते तेलकट असतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही, उन्हापावसात ते फार फुगत-आकसत नाही, आणि त्यात ठोकलेला खिळाही लवकर गंजत नाही. तळाला याहून काय पाहिजे?

बाबा फळी घेताना तिच्या तोंडावर कधी भाळले नाहीत. म्हणायचे, "लाकूड पाह्याचं असन तं टोकाकडून पाहा." टोकाला वर्तुळं दिसतात. ती फळीच्या रुंदीला उभी असली तर फळी सपाट राहते, आडवी असली तर पुढे वाकते. सालीलगतचं पांढरं लाकूड कितीही स्वस्त असो, ते घ्यायचं नाही. कीड आधी तिथेच शिरते.

एकदाच त्यांनी हा नियम मोडला. १९७२ चा दुष्काळ. साटीची एक फळी फुटली होती आणि घरात सागवानाला पैसे नव्हते. त्यांनी सालईची फळी टाकली. सालई नरम, पेटीखोक्याचं लाकूड. "पाणी पडलं की बदलू," म्हणाले. पुढल्या हंगामात घरी कापूस आला, फळी बदलायची राहून गेली. एके दिवशी गठ्ठे रचताना बाबा नेमके त्या फळीवर उभे राहिले. ती मोडली, पाय आत गेला आणि तेवढ्यात बैल चमकून पुढे सरले. त्यानंतर बाबा शेवटपर्यंत लंगडत चालले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. त्या वर्षी घरच्या पैशातून माझ्या बीएच्या परीक्षेची फी भरली होती, एवढंच मला ठाऊक आहे. सागवानाची एक फळी त्यापेक्षा फार महाग नसावी.

म्हणून भाच्याला सांगितलं, प्लायवूड नको, सालीलगतचं स्वस्त सागवान तर नकोच. जुनं, मुरलेलं सागवान घे. नवं घ्यायचं तर वनखात्याच्या आगारातून रीतसर पावती आणि परवान्यासह घे, चोरीचं नको. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. आपल्या बंड्यांसाठी, घरांसाठी आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी या पिढ्यांनी जंगलातून पुष्कळ आणलं, आता जपून घ्यावं. फळ्यांमध्ये बारीक फट ठेव, लाकडाला पावसाळ्यात फुगायला जागा लागते. आणि जवसाचं तेल वरून देशील तसं खालूनही दे, कारण ओल खालूनच धरते.

फोन ठेवला आणि रात्रभर झोप आली नाही.

सकाळी थोरल्या भावाला फोन केला. बंडी गोठ्यात तीस वर्षं उभी आहे. चाकांची लाकडं गेली, पण साटी शाबूत आहे. १९७२ नंतर बाबांनी ती पूर्ण सागवानाची करून घेतली होती. भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "देऊन टाक. उभी राहून काय करते? त्याच्या गाडीखाली तरी फिरन."

पुढच्या रविवारी भाचा न्यायला येतो आहे. एक फळी मात्र मी ठेवून घेणार आहे. जिथे सालईची होती, तिच्या जागी बसवलेली. तिच्यावर बाबांच्या काठीचे बारीक बारीक खड्डे आहेत.