ह्यूमर : आधी द्रव, मग विनोद

इंग्रजीतल्या ‘ह्यूमर’चं मूळ लॅटिन, अर्थ ओलावा, द्रव. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार द्रवांच्या कमीजास्तपणावर माणसाचा स्वभाव ठरतो, असं जुनं ग्रीक वैद्यक मानायचं. म्हणून ‘ह्यूमर’ म्हणजे आधी स्वभाव, मग लहर, पुढे तऱ्हेवाईकपणा. बेन जॉन्सनच्या १५९८ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ या नाटकात अशाच एकेका खुळाने पछाडलेली माणसं आहेत. अशा विक्षिप्तांना हसता हसताच शब्द विनोदाकडे सरकला. शब्दाचा इतका माणसाळलेला प्रवास मला फार मोलाचा वाटतो. जुना अर्थ मेलेला नाही: डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवाला डॉक्टर आजही ‘ॲक्वियस ह्यूमर’च म्हणतात.