फोटोमागची तारीख



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाला जुन्या फोटोंचे प्रदर्शन लावायचे ठरले, तेव्हा वस्तीतल्या एका मावशींनी आपल्या सासऱ्यांचा फोटो आणून दिला. लष्करी पोशाख, टोपी, टोपीवर बिल्ला. फ्रेमच्या मागे शाईने लिहिलेले, '१९१४ चे युद्ध'. मी तशीच चिठ्ठी करून खाली चिकटवली. संध्याकाळी कॉलेजातल्या एका पोराने विचारले, "काका, १९१४ ला आपली भरती बंद होती ना?"

मी गप्पच झालो. पोराचे बरोबर होते. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची पलटणीतली भरती बंद केली. पुढे १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडलीसुद्धा.

फोटो खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. पण खऱ्या फोटोखाली चुकीची गोष्ट चिकटते. लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो अनेक पुस्तकांत छापलेला आहे. अंगणात हाडांचे सांगाडे, मागे पडकी इमारत. बघणाऱ्याला वाटते, लढाई आत्ताच संपली. तिथली लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ची आणि फोटो काढणारा फेलिचे बिआतो लखनौला पोचला १८५८ साली, काही महिन्यांनी. फोटोसाठी हाडे उकरून मांडली, असे अभ्यासक सांगतात. माणसे खरोखर मेली होती, जागाही खरी. पण तो लढाईच्या दिवसाचा फोटो नव्हे.

म्हणून मी काही गोष्टी शिकून घेतल्या. पहिली, फोटो हा त्यात दिसणाऱ्या सर्वांत नव्या वस्तूपेक्षा जुना असूच शकत नाही. छातीवर बर्मा स्टार असेल तर तो १९४५ च्या आधीचा नाही, कारण ते पदकच त्या साली निघाले. दुसरी, पदके डाव्या छातीवर लावतात. उजवीकडे दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली आहे का ते बघावे. तिसरी गोष्ट कागदाची. गिरणीत कापड पांढरे दिसावे म्हणून आम्ही टिनोपाल वापरायचो. तसलाच पदार्थ फोटोच्या कागदात १९५० नंतर येऊ लागला. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो.

मावशींच्या परवानगीने फ्रेम उघडली. दिव्याखाली कागद चमकला. पोरगा म्हणाला, "मग फोटो खोटा." मी म्हटले, घाई नको. ही मागाहून काढलेली प्रत आहे, एवढेच त्यातून कळते. मूळ फोटोची तारीख कागदावरून कळत नाही, आतल्या माणसावरून काढावी लागते.

मग भिंगाने बिल्ला पाहिला. त्यावर कोरेगावचा स्तंभ आणि 'महार' ही अक्षरे. हा बिल्ला महार रेजिमेंटचा. ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर बिल्ल्यावर दोन तोफा, म्हणजे विकर्स मशीनगना, आडव्या-तिरप्या आल्या. या बिल्ल्यावर त्या नाहीत. म्हणजे फोटो बहुतेक १९४१ ते १९४६ मधला. शेवटी मावशींनी पेन्शनचा कागद काढला. सासऱ्यांचे जन्मसाल १९२१! हा हिशेब मी पहिल्यांदाच करायला हवा होता.

मावशींचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्सं आम्ही खोटं सांगत होतो का, भाऊ?"

"नाही मावशी. युद्ध खरं, माणूस खरा. फक्त साल चुकलं," मी म्हटले. आणि खरे साल तर अधिक अभिमानाचे. त्याच १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते. महारांची पलटण पुन्हा उभी राहावी म्हणून त्यांनी सरकारकडे धरणे धरल्यासारखा आग्रह धरला. त्या पलटणीत मावशींचे सासरे भरती झाले होते.

मी जुनी चिठ्ठी काढली, नवी लावली आणि चूक माझी होती हे सभेत सांगितले. आपला इतिहास आपल्याला दुसऱ्यांनी लिहून दिला नाही. तो आपणच लिहितो आहोत. त्यात एक तारीख खोटी निघाली, तर हिणवणारे बाकीच्या खऱ्या तारखाही खोट्या म्हणतील.

बंधू-भगिनींनो, घरातले जुने फोटो फेकू नका. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या, मागे पेन्सिलीने नाव-गाव लिहा. साल नक्की माहीत नसेल तर जागा कोरी ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!