छप्पर, वारा आणि शाकारणी

आमच्या घरच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या चाळताना एक शब्द दर वैशाखात भेटतो : शाकारणी. मालवण तालुक्यातल्या एका वाडीतले आमचे घर चिऱ्याचे, कौलारू. पावसाआधी गडी वर चढायचे, कौले उतरवून झाडायचे, फुटकी बदलायचे, कुजलेली रीप काढून नवी ठोकायचे. हा खर्च लग्नाच्या वर्षीही चुकलेला नाही आणि मयताच्या वर्षीही नाही. किनाऱ्यावरच्या छपरांचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा तो साहित्याचा इतिहास असेल अशी माझी समजूत होती : गवत, चुडते, नळीची कौले, मंगलोरी कौले, पत्रा, स्लॅब आणि आता सौर पॅनेल. वह्यांनी मला दुसरीकडे नेले.

मंगलोरी कौलापासून सुरुवात करतो. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौले पत्तेमारींतून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरू लागली. एक कौल साधारण सव्वादोन-अडीच किलोंचे, चौरस मीटरला पंधराच्या आसपास. म्हणजे दर चौरस मीटरला पस्तीसेक किलो वजन वाशांवर. बहुतेक कौले नुसती रिपेला अडकून, स्वतःच्या भाराने बसलेली असतात. मोठा वारा आत कोंडला की दहावीस कौले उचलली जातात, वाऱ्याला वाट मिळते आणि वासे जागच्या जागी राहतात. सकाळी शिडी लावून कौले परत बसवायची. कौलारू छपराची ही सोय मला उशिरा उमगली.

सौर पॅनेलचे गणित नेमके उलटे आहे. आजचे 540 वॅटचे पॅनेल अडीच चौरस मीटरचे आणि अठ्ठावीसेक किलोंचे, म्हणजे चौरस मीटरला अकरा किलो. कौलांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच. तरी गावात पहिला प्रश्न हमखास येतो, ‘स्लॅबला वजन झेपेल ना?’ स्लॅब जुना, तडकलेला असेल तर तो अभियंत्याला दाखवावाच. पण किनाऱ्यावर खरी भीती वजनाची नसून उचलीची आहे. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस 875 भाग 3, मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर आणि पणजीसाठी 39 मीटर वेग धरते. मालवण या दोहोंच्या मधे. 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या वेगाला सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे 93 किलोंचा दाब येतो, म्हणजे अख्ख्या पॅनेलवर सव्वादोनशे किलोंच्या वर. हिशेब ढोबळ आहे. पॅनेलचा कल, इमारतीची उंची यांप्रमाणे आकडा बदलतो आणि छपराच्या कडेला, कोपऱ्यात ओढ जास्त असते. तरी अठ्ठावीस किलोंची वस्तू आपल्या भाराने तिथे टिकणार नाही, एवढे त्यातून कळते. वारा वाढला की गाबीत शीड उतरवतो. पॅनेल उतरवता येत नाही.

मग सारा भरवसा बोल्टावर. त्याच मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी जो वेगळा गुणक आला, तो पूर्व किनारा आणि गुजरातसाठी. कोकण त्यात नाही. आणि 16 मे 2021 ला तौक्ते आमच्या समोरून गेले. वादळाचा मध्य समुद्रातच होता, तरी माड मोडले, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि वाड्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी सोलरचा विचार त्या अंधारात सुरू केला. 2024 च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78 हजारांचे अनुदान मिळू लागले आणि विचार पक्का झाला. यातला एक घोटाळा मात्र कोणी उलगडून सांगत नाही. बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाइनला जोडलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. अंधाराला भिऊन बसवलेले सोलर वादळाच्या रात्री काय, दुसऱ्या दिवशीच्या उन्हातही उपयोगी पडत नाही.

खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते, हे मालवणला शिकवायला नको. 26 ऑगस्ट 2024 ला राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला. त्याचे नट-बोल्ट गंजल्याचे बांधकाम खात्याने आठवडाभर आधीच कळवले होते, असे तेव्हा छापून आले. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची. तिला साधा लोखंडी बोल्ट लावला की मिठाच्या ओलीत दोन धातूंचे जमत नाही आणि झीज सुरू होते. किनाऱ्यावर 316 जातीचे स्टेनलेस बोल्ट हवेत आणि सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला हवा. आमच्या स्लॅबवर ज्याने पॅनेले बसवली त्याने चार पैसे वाचवले. ‘पंचवीस वर्षे बघावे लागणार नाही’ हे त्याचे शब्द. हमी होती ती पॅनेलच्या वीजनिर्मितीची. बोल्टांचा त्यात उल्लेख नव्हता, हे मी कागद नंतर वाचला तेव्हा दिसले.

तिसऱ्या पावसाआधी वर चढलो. सोबत शाकारणी करणाऱ्या जुन्या गड्याचा मुलगा. सकाळी लवकर गेलो, स्विच पाडले. तरी उजेड आहे तोवर पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारांत वीज असतेच, म्हणून त्यांना हात लावायचा नाही असे ठरवले होते. पान्याने एकेक बोल्ट पाहत गेलो. कोपऱ्यावर पोर थांबला. ‘ह्यो बोल्ट ढिलो झालो हा.’ नंतर तसे आणखी सहा निघाले आणि ते सगळे समुद्राकडच्या रांगेत.

वाडीतली निम्मी घरे चाकरमान्यांची. ती चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडतात. मुंबईतल्या चुलतभावाला त्याच्या इथल्या छपरावर आज किती युनिट वीज झाली ते मोबाइलवर दिसते. बोल्ट दिसत नाहीत. कौलारू घर असताना तोच दर वैशाखात शाकारणीचे पैसे न चुकता पाठवायचा. स्लॅब पडला तसे ते बंद झाले. यंदा मी त्याच्याकडे मागितले. ‘कसले रे?’ म्हणाला. मी जुनाच शब्द सांगितला. तो हसला आणि त्याने पैसे पाठवले.