डोंगरमाथ्यावरचा हिवाळा आणि पायवाटेवरचे पळणे : शरीराला काय होते, काळजी कुठे घ्यावी?

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर राहणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पळण्याचा सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात निसरड्या झालेल्या पायवाटा सुकलेल्या असतात, हवा कोरडी असते, घाम कमी येतो आणि पुण्या-मुंबईच्या मानाने धूर नसतोच. त्यामुळे इथले रहिवासी, निवासी शाळांमधले शिक्षक, हॉटेल व्यावसायिक आणि सुट्टीला आलेले पाहुणे असे बरेच जण पहाटे बाहेर पडतात. हिवाळ्यात ओपीडीत येणाऱ्या या मंडळींच्या तक्रारी मात्र ठरावीक असतात आणि त्यांतल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या असतात.

उंचीचा खरा परिणाम किती?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्के असतो. सपाटीवरून आलेल्या माणसाला चढावर पळताना पहिले काही दिवस दम लवकर लागतो, नाडी नेहमीपेक्षा जास्त धावते. स्वस्थ बसल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावला तर निरोगी माणसाचे ऑक्सिजन ९५च्या वरच दिसते. म्हणजे 'इथे ऑक्सिजन कमी आहे म्हणून मला धाप लागते' हे स्पष्टीकरण बसल्या जागी लागणाऱ्या धापेला लागू पडत नाही. तशी धाप लागत असेल तर कारण दुसरे आहे, ते शोधावे.

दुसरा नेहमीचा प्रश्न : 'डॉक्टर, डोंगरावर राहून हिमोग्लोबिन वाढते ना?' वाढते, पण त्यासाठी उंची जास्त लागते. 'उंचावर राहा, खाली सराव करा' ही पद्धत लेव्हाइन आणि स्ट्रे-गंडरसन यांच्या १९९७ मधल्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली. त्यात धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले होते आणि सरावासाठी सुमारे १,२५० मीटरवर उतरत होते. म्हणजे त्यांची खालची जागा जवळपास आपल्या पाचगणीएवढी उंच होती! इथे राहून पळण्यात सुधारणा होते ती चढ-उतारांमुळे. रक्तात फार मोठा बदल होत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते उंचीने भरून येणार नाही. त्यासाठी तपासणी करावी, लोहाची कमतरता असल्यास गोळ्या घ्याव्यात.

थंडी : सखल जागेत जास्त, कड्यावर वेगळी

वर्तमानपत्रात दरवर्षी वेण्णा लेक आणि लिंगमळा भागात दवबिंदू गोठल्याची बातमी येते. त्याच दिवशी गावातले तापमान बरेच जास्त असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उताराने वाहत सखल भागात साठते. त्यामुळे पहाटे घरातून निघताना जी थंडी जाणवते तिच्यावरून तलावाकाठच्या वाटेचा अंदाज बांधू नये. उंच कड्यावर थंडी तेवढी नसते, पण तिथे वारा असतो आणि घामाने भिजलेल्या अंगावर तो वारा फार वेगाने उष्णता काढून घेतो.

पळत असताना शरीर स्वतःच भरपूर उष्णता तयार करते, म्हणून त्या वेळी धोका कमी. तो थांबल्यावर सुरू होतो. घोटा मुरगळला, वाट चुकली, सोबत्याची वाट पाहत कड्यावर पंधरा-वीस मिनिटे बसावे लागले, आणि अंगात ओला सुती टी-शर्ट असला, तर आपल्या सह्याद्रीतही शरीराचे तापमान घसरू शकते. ते ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही.

सुरुवातीला जोरात हुडहुडी भरते. मग बोटांनी चेन लावता येत नाही, बोलणे जडावते, पाय अडखळतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस सुस्तावला, तर 'बरे वाटतेय' असे समजू नका. ती प्रकृती बिघडल्याची खूण आहे. अशा वेळी वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे आणि नीट शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. दारू अजिबात देऊ नये : तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उबदार वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

उपाय स्वस्त आहे. अंगालगत घाम न धरणारा सिंथेटिक कपडा, कमरेला बांधलेला पातळ विंडचीटर, कानटोपी आणि एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत.

खोकला, घरघर आणि दमा

गार, कोरडी हवा तोंडाने वेगात आत गेली की श्वासनलिकांचे अस्तर कोरडे पडते आणि त्या आकसतात. पळणे थांबवल्यानंतर पाच-दहा मिनिटांत खोकल्याची उबळ, छाती आवळल्यासारखी वाटणे, शिट्टीसारखा आवाज ही त्याची लक्षणे. अनेक जण याला 'थंडी बाधली' म्हणून सोडून देतात. हा व्यायामाने उफाळणारा दमा असू शकतो आणि पूर्वी दमा नसलेल्यांनाही तो होतो. नाक-तोंडावर पातळ रुमाल बांधल्याने आत जाणारी हवा थोडी ओलसर आणि उबदार होते. आधी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू वेग वाढवत अंग गरम करावे. त्रास वारंवार होत असेल तर तपासून घ्या. पंपाला घाबरण्याचे कारण नाही. पण कुठला पंप, पळण्याआधी किती वेळ आणि रोजचे औषध लागेल का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

हृदय : इथे उशीर परवडत नाही

थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. पहाटेच्या वेळी तो तसाही चढता असतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरात जास्त येतात. त्यात अंथरुणातून उठून थेट चढावर पळायला सुरुवात केली की हृदयावर एकदम ताण पडतो. चाळिशी उलटलेल्या, बीपी, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्या, घरात कमी वयात हृदयविकार झालेल्या व्यक्तींनी हंगाम सुरू होण्याआधी तपासणी करावी आणि शक्यतो सूर्य वर आल्यावरच पळावे. 'मी रोज पळतो, मला काय होणार' हे वाक्य मी ओपीडीत जेवढ्या वेळा ऐकले आहे, तेवढ्या वेळा ते खरे ठरलेले नाही.

चढावर दम लागणे नेहमीचे आहे. पण रोजच्याच चढावर आज जास्त दम लागला, छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ आली, ती जबडा, खांदा किंवा डाव्या हाताकडे गेली, दरदरून घाम सुटला, चक्कर आली, तर तिथेच थांबा. 'ॲसिडिटी आहे, उतरल्यावर बघू' असे म्हणत पाच किलोमीटर परत पळत येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा असू शकतो.

महाबळेश्वरहून पाचगणी १९ किलोमीटरच्या आसपास, पुढे पसरणीचा घाट उतरून वाई आणि त्यानंतर सातारा. अँजिओप्लास्टीची सोय खाली शहरात असते. म्हणून अर्धा तास 'बघू या' करण्यात घालवला तर तो घाटातल्या वेळात मिळवावा लागतो, आणि तो मिळत नाही. १०८ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. आपल्या वाटेवर कुठे मोबाइलची रेंज जाते हे नेहमीच्या पळणाऱ्यांना माहीत असायला हवे, आणि घरी कोणत्या वाटेने जातो ते सांगून निघायला हवे.

मधुमेहींसाठी एक वेगळी सूचना

हातपाय थरथरणे आणि गार घाम ही साखर उतरल्याचीही लक्षणे आहेत आणि थंडी वाजल्याचीही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी शंका आल्यास थांबून आधी साखर किंवा ग्लुकोज खावे. ग्लुकोमीटर फार गार पडला तर आकडा चुकतो किंवा दाखवतच नाही. तो आतल्या खिशात, अंगालगत ठेवावा.

उतार, घोटे आणि मांड्या

चढ दमवतो, पण दुखापती बहुतेक उतारावर होतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात आणि त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. वेदना त्याच दिवशी न येता एक ते तीन दिवसांनी कळस गाठते. शहरातून येऊन पहिल्याच दिवशी मोठा घाट उतरणाऱ्याला तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, तो यामुळेच. आधी एक-दोन छोटे उतार केले तर पुढच्या वेळी हा त्रास बराच कमी होतो. अशा श्रमानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, तर स्नायूंचे घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण आला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

इथल्या जांभ्याच्या वाटांवर सुटा मुरूम असतो, आणि हिवाळ्यात दगडांवर पाचोळ्याचा थर. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. नुसते लचकले असेल तर बर्फ, पट्टी आणि एक-दोन दिवस विश्रांती पुरते. पळण्याआधी 'दुखू नये म्हणून' आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची पद्धत मात्र बंद करा. पाणी कमी पडलेल्या शरीरात ही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आणि थंडीत पाणी कमी पडतेच : तहान कळत नाही, लघवी मात्र जास्त होते.

पळून आल्यावर : शेगडी आणि गॅस गिझर

हा भाग सर्वांत महत्त्वाचा मानावा, कारण यात जीव जातो, तोही घरात.

थंडीत लोक खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवतात. पळून आलेला माणूस बाथरूमचे दार-खिडकी लावून गॅस गिझरच्या गरम पाण्याने आंघोळ करतो. दोन्ही ठिकाणी हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, पाय गळून जातात, आणि दार उघडायचे भान येण्याआधीच शुद्ध हरपते. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर अंगणात आल्यावर हलके वाटले, तर संशय घ्यावा. या विषबाधेत बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त वेगळे ओळखता येत नाही. त्या आकड्यावर विसंबू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, दारे-खिडक्या उघडा, शेगडी किंवा गिझर बंद करा आणि ऑक्सिजन देता येईल अशा रुग्णालयात न्या.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवावा. शेगडी पेटवलेल्या खोलीत झोपू नये. खिडकी थोडी उघडी ठेवली तरी चालते, हा समज धोक्याचा आहे. पळून आल्याआल्या फार गरम पाणी घेऊ नये. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे बीपी उतरून घेरी येते, आणि गॅसची घेरी कोणती व पाण्याची कोणती हे बाहेरच्याला कळत नाही.

त्वचा आणि ऊन

पहाटे स्ट्रॉबेरीच्या मळ्यात काम करणाऱ्यांच्या आणि ओल्या बुटांत पळणाऱ्यांच्या बोटांवर लालसर-जांभळे, खाजरे, सुजलेले चट्टे उठतात. ते गोठल्याने होत नाहीत, ओल आणि गारव्याने होतात. मोजे बदलावेत, पाय हळूहळू ऊबेत आणावेत, निखाऱ्यावर धरू नयेत. टाचांच्या भेगांना रात्री व्हॅसलीन पुरते. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून हवा गार असली तरी दुपारी पळताना टोपी आणि सनस्क्रीन लावावे.

इथून लेहला पळायला जाणाऱ्यांनी

महाबळेश्वरला राहिल्याने लेहची सवय होत नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब सपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. उंचीचा आजार साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो तंदुरुस्त तरुणांनाही होतो. विमानाने गेल्यावर पहिले दोन दिवस पळू नका, चालणेही बेताचे ठेवा. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखीसोबत उलटी होत असेल तर पुढे चढू नये. तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेसाळ थुंकी येत असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णाला ऑक्सिजन लावून खाली उतरवावे.