टस्कीगीचा विमानतळ : पुरावा कोणी द्यायचा?

आज आपण ज्या गावाविषयी बोलणार आहोत त्याचं नाव आपल्याला नवीन नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' ज्या घरात वाचलं गेलं, तिथे टस्कीगी कधीच येऊन पोचलं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, तिथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली उभी केलेली कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था, आणि दमलेल्या जमिनीला पुन्हा पिकायला लावणारे कार्व्हर. एवढं आपल्याला ठाऊक असतं. कार्व्हर गेले ५ जानेवारी १९४३ रोजी. त्या सुमारास त्याच गावाच्या आसपास लष्कराची शिकाऊ विमानं उडत होती. ही दुसरी गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली गेली नाही.

आता तर्कशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसांनी विमानतळाविषयी का बोलावं? तर तिथला प्रश्न तर्कशास्त्राचाच आहे म्हणून. आम्ही वर्गात पहिल्या आठवड्यात सांगत असू की जो विधान करतो, पुरावा त्याने द्यायचा. टस्कीगीत नेमकं उलटं झालं.

ते कसं, बघा. १९२५ साली अमेरिकेच्या लष्करी युद्ध महाविद्यालयात एक अहवाल तयार झाला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने कमी, धैर्याने कमी, नेतृत्वाला नालायक, असा त्याचा सूर. पुरावा काय? पूर्वग्रह. आणि त्याच्या जोरावर हवाई दलाचे दरवाजे बंद. पुढे १९३९ मध्ये युद्ध दिसू लागलं तेव्हा सरकारने महाविद्यालयांतून नागरी वैमानिक घडवण्याची योजना काढली. तीत टस्कीगीच्या संस्थेला जागा मिळाली. कृष्णवर्णीय वृत्तपत्रं आणि संघटना यांचा रेटा वाढत गेला, आणि १९४१ साली लष्कराने सांगितलं, ठीक आहे, एक तुकडी काढू. पण वेगळी. वेगळा विमानतळ, वेगळ्या बराकी, वेगळी स्क्वाड्रन. लोक त्याला 'प्रयोग' म्हणू लागले. प्रयोग म्हटला की तो फसू शकतो, आणि तो फसावा अशी वाट बघणारे कमी नव्हते.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी. तिथले मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्या छोट्या विमानात त्या जाऊन बसल्या आणि चक्कर मारून आल्या. कृष्णवर्णीय वैमानिकाच्या मागच्या आसनावर हसऱ्या चेहऱ्याने बसलेल्या बाईंचं छायाचित्र देशभर गेलं. रोझेनवाल्ड निधीच्या त्या विश्वस्तही होत्या. त्या निधीच्या कर्जातून मोटन फील्ड ही प्राथमिक प्रशिक्षणाची धावपट्टी झाली. थोड्या अंतरावर लष्कराचा मोठा तळ उभा राहिला. त्याच्या बांधकामाचं कंत्राट मॅककिसॅक अँड मॅककिसॅक या कृष्णवर्णीयांच्याच कंपनीकडे होतं.

शिक्षणाचे टप्पे इतर कुठल्याही तळासारखेच. आधी मोटन फील्डवर दोन पंखांच्या जोडीचं उघडं स्टिअरमन विमान, मग मोठ्या तळावर जास्त ताकदीची विमानं, शेवटी लढाऊ विमानावर हात बसवणं. पहिल्या वर्गात तेरा जण होते. ७ मार्च १९४२ रोजी पाच जणांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. त्यातले एक बेंजामिन डेव्हिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत हा मनुष्य चार वर्षं होता आणि त्या चार वर्षांत कामाखेरीज त्याच्याशी कोणी बोललं नाही. अक्षरशः वाळीत. आपल्याला वाळीत टाकणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

आता खरा पेच. विल्यम हेस्टी नावाचे गृहस्थ होते, अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय संघराज्य न्यायाधीश. युद्धखात्यात ते सल्लागार होते. त्यांचं म्हणणं असं की वेगळा तळ स्वीकारणं म्हणजे भेदभावावर आपल्या हाताने शिक्का मारणं. जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. डेव्हिस यांचं म्हणणं वेगळं. दार अर्धं उघडलंय, आधी आत शिरू, मग उरलेलं उघडू. दोघांत बरोबर कोण? आम्हाला तरुणपणी हेस्टी पटायचे. आज वाटतं की दोघेही बरोबर होते आणि चूक त्या माणसांची होती ज्यांनी दोघांना या निवडीत ढकललं.

हा पेच आपल्याकडेही होता, आणि त्याच वर्षी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांना लढता येतं हे पुन्हा सिद्ध करावं लागलं.

टस्कीगीची मुलं एप्रिल १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेला गेली. काही महिन्यांतच वरिष्ठांचा अहवाल गेला की यांच्यात आक्रमकता नाही, यांना आघाडीवरून काढा. डेव्हिस यांना वॉशिंग्टनला जाऊन समितीपुढे उत्तर द्यावं लागलं. मग लष्कराने आकडे तपासले, तर ही स्क्वाड्रन तसंच विमान उडवणाऱ्या इतर स्क्वाड्रनच्या तोडीची निघाली. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत आन्झिओवर त्यांनी दोन दिवसांत डझनभर जर्मन विमानं पाडली. पुढे लाल शेपटीची विमानं घेऊन ती बॉम्बफेकी विमानांना सोबत करू लागली.

इथे एक दंतकथा आहे. त्यांच्या सोबतीत एकही बॉम्बर पडला नाही, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. हवाई दलाच्याच इतिहासकारांनी कागद काढून पाहिले, तर २७ बॉम्बर पडले होते. त्याच दलातल्या इतर लढाऊ गटांची सरासरी ४६. म्हणजे ते उत्तमच होते, पण देव नव्हते. मग दंतकथा का हवी होती? आम्हाला वाटतं, ज्याच्यावर पुराव्याचं ओझं टाकलंय त्याला 'इतरांइतका चांगला' असणं परवडत नाही. त्याला निर्दोषच असावं लागतं. समोरच्याला मात्र साधारण असूनही जागा मिळते. खोटी स्तुतीसुद्धा त्या जुन्या ओझ्याचीच खूण असते, म्हणून ती प्रेमाने पण ठामपणे दुरुस्त करायला हवी.

शेवटची गोष्ट एप्रिल १९४५ ची. इंडियाना राज्यातल्या फ्रीमन फील्डवर ऑफिसरांचे दोन क्लब होते, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. टस्कीगीत पंख मिळवलेले अधिकारी गोऱ्यांच्या क्लबात शिरले आणि अटक झाले. मग ही विभागणी आम्हाला मान्य आहे असं लिहिलेल्या कागदावर सही करायचा हुकूम झाला. १०१ जणांनी सही केली नाही. युद्धकाळात हुकूम मोडण्याची शिक्षा कायद्याने मृत्यूपर्यंत जाऊ शकत होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या नोंदींवरचे ठपके अधिकृतपणे पुसायला सुरुवात झाली १९९५ साली.

इतिहासाच्या पुस्तकात पाडलेली विमानं मोजली जातात. आम्ही मात्र त्या न केलेल्या सह्या मोजतो. टस्कीगीच्या धावपट्टीवर मुलांनी परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. फ्रीमन फील्डवर त्यांनी परीक्षा घेणाऱ्यालाच विचारलं, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तीन वर्षांनी, २६ जुलै १९४८ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. त्यामागे कारणं अनेक होती, पण हा प्रश्न त्यात होता.

टस्कीगीच्या तळावर १९४६ पर्यंत ९९२ वैमानिक तयार झाले. तेवढ्यांनी मिळून जे सिद्ध केलं, ते सिद्ध करायची गरजच नव्हती. आपल्या आसपास आजही कोणाकडे असा पुरावा मागितला जातोय का, हे घरी जाताना जरा आठवून बघा.