पर्वतीय सायकलीचा पुढील डिरेलर

पेडलाच्या आसावर बसविलेल्या दोन किंवा तीन दंतचक्रांपैकी एकावरून दुसऱ्यावर साखळी सरकविणाऱ्या प्रयुक्तीस ‘पुढील डिरेलर’ म्हणतात. मागील चाकावरील दंतचक्रांसाठी असेच काम करणारा तो मागील डिरेलर. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘रुळावरून उतरविणारा’ असा आहे. डोंगराळ व कच्च्या वाटांसाठी बनविलेल्या पर्वतीय सायकलीचा, म्हणजेच माउंटन बाइकचा, हा भाग सु. तीस वर्षे अपरिहार्य मानला जात होता. २०१२ नंतर मात्र तो झपाट्याने मागे पडला. त्यामुळे सायकलीची जुळणी करताना तो कोणता निवडावा याबरोबरच तो बसवावा की नाही, हाही प्रश्न आता पुढे येतो. याचे उत्तर त्याच्या इतिहासात सापडते.

गरज व कार्य : भारतात सर्वत्र आढळणाऱ्या साध्या सायकलीस पुढे एक व मागे एक असे दंतचक्र असते. पुढील चक्राच्या दात्यांच्या संख्येस मागील चक्राच्या दात्यांच्या संख्येने भागले असता येणारे गुणोत्तर त्यामुळे कायम राहते. सपाटीवर सोयीचे असलेले हे गुणोत्तर घाटात जड पडते आणि खाली उतरून सायकल ढकलावी लागते. पुढे लहान किंवा मागे मोठे चक्र घेतल्यास गुणोत्तर घटते व चढ सुकर होतो. मात्र पेडलाच्या एका फेऱ्यात कापले जाणारे अंतरही तेवढेच कमी होते.

पुढील डिरेलरमध्ये दोन धातुपट्ट्यांचा एक पिंजरा असून साखळी त्यामधून जाते. समांतरभुज चौकोनाच्या आकाराच्या सांध्यामुळे हा पिंजरा बाजूला सरकतो व साखळीस शेजारच्या चक्रावर ढकलतो. मागील डिरेलर साखळीच्या सैल, परतणाऱ्या भागावर काम करतो. पुढील डिरेलरला मात्र पायाच्या जोराने ताणलेला वरचा भाग ढकलावा लागतो. ऐन चढावर पेडलावर भार असताना तो अडखळतो, साखळीला घासतो किंवा तिला चक्राबाहेर टाकतो, याचे मूळ कारण हेच होय.

इतिहास : पुढील अनेकचक्री रचनेचा पहिला मोठा पुरस्कर्ता म्हणजे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा फ्रेंच सायकलप्रवासी पॉल द व्हीव्ही (१८५३–१९३०). सेंट एत्येन येथील हा रेशीमव्यापारी ल सिक्लिस्त या नियतकालिकाचा संस्थापक होता. त्याच्या सुरुवातीच्या एका सायकलीस पुढे दोन दंतचक्रे होती. परंतु साखळी एकीवरून दुसरीवर हाताने उचलून ठेवावी लागे. सामान्य माणसाला डोंगरातून दीर्घ प्रवास करता यावा, यासाठी गती बदलण्याची सोय आवश्यक आहे, असे त्याने सातत्याने मांडले.

याउलट, १९०३ साली सुरू झालेल्या ‘तुर द फ्रान्स’ या शर्यतीचा संयोजक आंरी देग्रांज याचा अशा सोयींना विरोध होता. शर्यतीने यंत्राची नव्हे, तर स्नायूंची परीक्षा घ्यावी आणि गतिबदलाची सुविधा वय झालेल्यांसाठी राहावी, अशी त्याची भूमिका होती. शर्यतपटूंना घाटाच्या पायथ्याशी उतरून, दोन्ही बाजूंस वेगवेगळी दंतचक्रे असलेले मागील चाक उलटे बसवावे लागे. या शर्यतीत डिरेलरला १९३७ साली मुभा मिळाली व त्या वर्षी रॉझे लापेबी हा विजयी ठरला. पुढील डिरेलर आरंभी बैठकीखालच्या नळीवरील दांड्याने चालविला जाई व त्यासाठी चालकाला चालत्या पायांमधून हात खाली न्यावा लागे. पुढे तारेने ओढला जाणारा, समांतरभुज रचनेचा प्रकार रूढ झाला. फ्रान्समधील प्रवासी सायकलींवर तीन दंतचक्रांचे पुढील संचही वापरात आले.

पर्वतीय सायकलीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मारिन परगण्यातील माउंट टॅमलपायसच्या परिसरात झाला. तेथील तरुण जाड टायरांच्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुटत. १९७६ साली सुरू झालेल्या ‘रीपॅक’ शर्यतीचे नावही अशाच उतारावरून पडले : मागील चाकाच्या तुंब्यातील ब्रेक इतका तापे, की आतील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. या सायकली वर नेण्यासाठी मात्र ट्रकचा आधार घ्यावा लागे किंवा त्या ढकलाव्या लागत. १९७४ साली क्युपर्टिनो येथील काही सायकलपटू जाड टायरांच्या सायकलींना डिरेलर बसवून मारिनमध्ये आले. त्यानंतर गॅरी फिशरनेही आपल्या सायकलीवर तशी योजना केली. जो ब्रीझने १९७७ साली या कामासाठी खास सांगाडा बनविला आणि १९७९ पासून टॉम रिचीने बनविलेले सांगाडे फिशर व चार्ली केली विकू लागले. १९८१ मधील स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘स्टंपजंपर’मुळे असे वाहन मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले.

या सर्व घडामोडींत पुढील तीन दंतचक्रांचे महत्त्व विशेष आहे. उतारावर धावण्यास जुनी सायकल पुरेशी होती. ज्या डोंगरावरून उतरायचे तो चालवत चढता येऊ लागला, तेव्हाच पर्वतीय सायकल हे स्वतंत्र वाहन बनले. हे साधन फ्रेंच प्रवासी सायकलींकडून आले, म्हणजे देग्रांजच्या वादात जी बाजू दुबळ्यांची समजली गेली तिच्याकडून. १९८२ साली जपानच्या शिमानो कंपनीने ‘देओरे एक्सटी’ हा पर्वतीय सायकलींच्या भागांचा संच बाजारात आणला. त्यानंतर पुढे तीन व मागे पाच ते नऊ चक्रे ही रचना सार्वत्रिक झाली.

निवडीचे निकष : पुढील डिरेलर सांगाड्याशी, दंतचक्रांशी व मुठीजवळच्या खिटीशी असा तिन्हींशी जुळावा लागतो. (१) बैठकीखालच्या नळीचा बाहेरील व्यास सामान्यतः २८·६, ३१·८ किंवा ३४·९ मिमी. असतो व पट्टा त्याच मापाचा असावा लागतो. मागील धक्काशोषक बसविलेल्या अनेक सांगाड्यांत पट्ट्यास जागा नसल्याने डिरेलर थेट सांगाड्यावर किंवा पेडलाच्या आसाच्या गाळ्यावर बसवितात. (२) तार वरून येते की खालून, हे पाहावे. काही प्रकार दोन्हींना चालतात. (३) पिंजरा दोन चक्रांसाठी की तीन चक्रांसाठी आहे, हे तपासावे. सर्वांत मोठ्या व लहान चक्रांच्या दात्यांतील फरक त्याच्या क्षमतेत बसला पाहिजे. ४४–३२–२२ दात्यांच्या संचास ही क्षमता किमान २२ लागते. पिंजऱ्याचा बाक मोठ्या चक्राच्या गोलाईशी जुळणेही इष्ट असते. (४) सांगाड्याच्या मध्यरेषेपासून साखळीचे अंतर ४७·५ मिमी. आहे की ५० मिमी., हे लक्षात घ्यावे. (५) खटक्याने चालणारी खिटी ठरावीक लांबीचीच तार ओढते. रस्त्यावरील सायकलींच्या व पर्वतीय सायकलींच्या भागांत ही लांबी भिन्न असल्याने त्यांची सरमिसळ टाळावी. घर्षणावर चालणाऱ्या जुन्या खिटीस ही अडचण नाही. बसविताना पिंजऱ्याची बाहेरील पट्टी मोठ्या चक्रास समांतर व त्याच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी. वर ठेवतात आणि सरकण्याच्या दोन्ही मर्यादा स्क्रूंनी निश्चित करतात.

ऱ्हासाची कारणे : पुढे तीन व मागे नऊ चक्रे असता २७ गुणोत्तरे मिळतात, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्यांतील कित्येक एकमेकांसारखीच असतात. उदा., ४४ व ३४ दात्यांची जोडी आणि २२ व १७ दात्यांची जोडी या दोन्हींचे गुणोत्तर १·२९ एवढेच येते. शिवाय मोठ्यावरून मोठ्यावर जाणारी तिरपी साखळी लवकर झिजते. २०११ च्या सुमारास मागील डिरेलरमध्ये साखळी ताठ ठेवणारी घर्षणयोजना आली. २०१२ साली अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्र व मागे १० ते ४२ दात्यांची ११ चक्रे असलेला संच आणला. त्याच्या पुढील चक्राचे दाते आलटून पालटून रुंद व अरुंद असल्याने साखळी निसटेनाशी झाली. २०१६ मध्ये मागील चक्रांची संख्या १२ व मोठ्या चक्राचे दाते ५० झाले.

तुलना केल्यास या बदलाचे स्वरूप स्पष्ट होते. ४४–३२–२२ व ११–३४ या जुन्या संचात सर्वांत हलके गुणोत्तर ०·६५ व सर्वांत जड ४·० येते. पुढे ३२ व मागे १०–५० असता ते अनुक्रमे ०·६४ व ३·२ येते. म्हणजे चढाची सोय टिकून राहते आणि सपाटीवरील अतिवेगाचाच त्याग करावा लागतो. जुन्या सायकलींची चाके २६ इंची, तर नव्या सायकलींची बहुधा २९ इंची असल्याने हा तोटाही काही अंशी भरून निघतो. मिनिटास ९० फेऱ्या धरल्यास कमाल वेग ताशी सु. ४५ किमी.वरून सु. ४० किमी.वर येतो.

सद्यःस्थिती : नव्या पर्वतीय सायकली बहुतेक एकाच पुढील चक्राच्या असतात व त्यांच्या सांगाड्यांवर पुढील डिरेलर बसविण्याची सोयही अनेकदा नसते. तथापि दोन चक्रांच्या संचाचे गुण पूर्णतः लोपलेले नाहीत. पुढे ३६–२६ व मागे १०–४५ घेतल्यास ०·५८ ते ३·६ एवढा पल्ला मिळतो. सामान लादून डोंगर आणि डांबरी रस्ता असा मिश्र, लांबचा प्रवास करणाऱ्यास तो आजही उपयुक्त ठरतो. जुना सांगाडा नव्याने उभारणाऱ्यासही खर्चिक १२ चक्री संचापेक्षा योग्य मापाचा पुढील डिरेलर स्वस्त पडतो. केवळ खडकाळ वाटांवर फिरणाऱ्याने मात्र त्याचा आग्रह धरू नये. आपणास सर्वांत उभा चढ कोणता चढावयाचा आहे, हे प्रथम ठरवून त्यास पुरेल असे गुणोत्तर कमीत कमी भागांनी मिळविणे, हीच या निवडीची योग्य कसोटी होय.