दिनविशेष : १४ ऑक्टोबर
जेफ स्मिथ : चिखलवाटांचा जगज्जेता

१९३४ : इंग्लंडचे मोटोक्रॉसपटू जेफ स्मिथ यांचा लँकेशायर परगण्यातील कोल्न येथे जन्म. बर्मिंगहॅमच्या बीएसए मोटारसायकल कारखान्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. खडकाळ वाटांवर तोल सांभाळण्याची कसोटी पाहणाऱ्या ट्रायल्स प्रकारात त्यांनी आधी हात बसवला आणि १९५५मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची खडतर स्पर्धा जिंकली. तोच संयम पुढे मोटोक्रॉसच्या चिखलात आणि चढउतारांवर त्यांच्या कामी आला.

त्या काळी या खेळात ५०० सीसीच्या वजनदार गाड्यांचे राज्य होते. बीएसएने मात्र लहान इंजिन वाढवत नेऊन हलकी, चपळ गाडी घडवली. तिच्यावर स्वार होऊन स्मिथ यांनी १९६४मध्ये स्वीडनच्या रॉल्फ टिब्लिन यांना मागे टाकत ५०० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले आणि १९६५मध्ये ते राखले. याच गाडीवरून ४४१ सीसीची ‘व्हिक्टर’ बाजारात आली.

१९६६मध्ये बीएसएचा टायटॅनियमच्या सांगाड्याचा प्रयोग फसला आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या ‘सीझेड’ मोटारसायकलवरील पॉल फ्रीड्रिक्स विजेते ठरले. या गटाचे जगज्जेतेपद पुन्हा ब्रिटिश स्पर्धकाकडे यायला १९७९ उजाडले. स्मिथ यांना ‘एमबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. पुढे अटलांटिकपलीकडे जाऊन त्यांनी कॅन-ॲम गाड्यांच्या विकासात आपला अनुभव ओतला. यंत्र आणि स्वार यांनी एकमेकांना घडवत नेल्याचे त्यांची कारकीर्द हे अस्सल उदाहरण आहे.